डोंबिवलीची हवा

हवापालटासाठी मुंबईबाहेर जाण्याची चाल मुंबईकरांत जुनी आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर हुडकून काढला आणि १९०७ साली नेरळहून त्या डोंगरावर छोटी आगगाडी चढू लागली, तेव्हापासून मुंबईच्या धुरापासून व दमटपणापासून चार दिवस सुटका हवी असणाऱ्या कुटुंबांना उल्हास नदीच्या खोऱ्याची वाट पाठ झाली. त्या वाटेवर, कल्याणच्या अलीकडे, डोंबिवलीचे स्थानक लागते. ज्यांना माथेरान परवडण्यासारखे नव्हते, परंतु गिरगाव-दादरच्या चाळींतील दोन खोल्यांत ज्यांचा जीव गुदमरत होता, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांनी पुढे या स्थानकावरच कायमचे बिऱ्हाड मांडले. अंगण, विहीर आणि मोकळी हवा ही त्या स्थलांतरामागची आमिषे होती, आणि प्रारंभीच्या काळात ती खोटीही नव्हती. त्याच डोंबिवलीचे नाव २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातले. हवा, पाणी व जमीन या तिन्हींचा एकत्र हिशेब करून काढलेल्या त्या निर्देशांकात सत्तरच्या वर गेलेले क्षेत्र अतिगंभीर समजले जाई. डोंबिवलीच्या वाट्यास ७८.४१ हा आकडा आला.

मोकळ्या हवेचे गाव अवघ्या दोन-तीन पिढ्यांत या यादीत कसे जाऊन बसले, या प्रश्नाचे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर एका शब्दाचे आहे : कारखाने. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारखाने बारा महिने चालतात. डोंबिवलीचा नागरिक मात्र हवेबद्दल बोलू लागतो तो दिवाळीच्या सुमारास, आणि गप्प होतो तो मृगाच्या पावसाबरोबर. एवढेच नव्हे, तर उग्र वासाची तक्रार विशेषेकरून रात्रीची आणि पहाटेची असते. धूर सोडणारे तेच आणि धूर घेणारेही तेच, मग ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे एवढा फरक का पडावा? त्याचे उत्तर डोंगर आणि वारा यांच्याकडे मागितले पाहिजे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण ५४. या प्रदेशाच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. दक्षिण व आग्नेय बाजूंस मलंगगड, चंदेरी आणि माथेरान यांची रांग. नैऋत्येस मुंब्र्याचा पारसिक डोंगर. आणि उत्तर-पश्चिमेस उल्हासची खाडी. खंडाळ्याच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत वायव्येकडे येते, कल्याणच्या परिसरात तिला काळू-भातसा यांचे पाणी मिळते, आणि तेथून पुढे समुद्राच्या भरती-ओहोटीच्या अधीन होऊन ती डोंबिवलीला वळसा घालीत ठाण्याकडे जाते. एखादी मोठी परात एका बाजूने चेपलेली असावी, तिचे तीन काठ उंच आणि चौथा समुद्राकडे मोडलेला, तशी ही रचना आहे. डोंबिवली त्या परातीच्या बुडाशी, मोडक्या काठाच्या अलीकडे वसलेली आहे.

या रचनेनेच कल्याणला बंदर केले. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत, आणि पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'कल्लिएना' म्हणून त्याचा उल्लेख येतो. नाणेघाट, बोरघाट आणि थळघाट या तिन्ही घाटांनी उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यांना येथे होड्या भेटत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ती याच खाडीचे मोल ओळखून. पुढे इंग्रज अभियंत्यांनीही निराळी वाट काढली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी तो मार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. कल्याणहून एक फाटा बोरघाटाने १८६३ साली आणि दुसरा थळघाटाने १८६५ साली सह्याद्री चढून गेला. व्यापाऱ्याने डोंगरांतून जी वाट शोधली तीच रेल्वेने घेतली. आणि वाऱ्याला तर आरंभापासूनच दुसरी वाट नव्हती.

या खोऱ्यात धूर ही नवी गोष्ट नव्हे. ठाणे जिल्ह्यातील भातशेती राबावर चालत असे आणि कित्येक ठिकाणी आजही चालते. पेरणीपूर्वी रोपांच्या वाफ्यावर शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा आणि गवत यांचे थर अंथरावयाचे, वर माती पसरावयाची आणि ते सर्व जाळावयाचे. या क्रियेने तण मरते व राखेचे खत मिळते. १८७८ च्या कायद्यानंतर सरकारने जंगलांवर निर्बंध आणले तेव्हा टहाळ्यांसाठी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील कुणब्या-आगऱ्यांनी एवढी ओरड केली, की १८८५ साली मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. राबाची आग फाल्गुन ते वैशाखाची. त्या दिवसांत जमीन तापलेली असते, हवा वर चढत असते, आणि दुपारी समुद्राकडून भरघोस वारा येतो. गावोगाव धूर उठला तरी तो टिकून राहत नाही.

वीटभट्ट्यांचा धूर याहून निराळा. खाडीकाठच्या गाळमातीपासून कल्याण-भिवंडीच्या टापूत विटा पाडल्या जातात. मुंबईची वस्ती वाढत गेली तसतशा भट्ट्याही वाढल्या. पाऊस संपल्यावर माती कालवावयाची, विटा वाळवावयाच्या, आणि भाताचे तूस व कोळसा यांच्या मंद आचेवर भट्टी रात्रंदिवस धुमसत ठेवावयाची. हा हिवाळ्याचा उद्योग होय. राबाचे लाकूडफाटा जाळणे डोळ्यांत भरते म्हणून सरकारी अहवालांत त्याची चर्चा पानोपानी झाली. भट्टीचा धूर जमिनीसरपट जातो म्हणून त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. परंतु आरोग्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे, आणि तो फरक धुराचा नसून ऋतूचा आहे.

हा ऋतूचा फरक समजावून सांगणारे शास्त्र मुंबईत फार पूर्वीपासून उपलब्ध होते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिचे अधीक्षक चार्ल्स चेंबर्स यांनी मुंबई इलाख्याच्या हवामानावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १८७८ साली लंडनमध्ये छापून निघाला. तासातासाच्या नोंदींवरून त्या वेधशाळेने जे वाऱ्याचे वर्तन दाखवून दिले ते कोळ्यांना व तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास खारा वारा धावतो. रात्री जमीन पाण्याहून लवकर निवते आणि प्रवाह उलटतो. पावसाळ्यात नैऋत्येचा जबरदस्त वारा या दोघांनाही दडपून टाकतो. परंतु कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, मोठे वारे मंद असतात तेव्हा, या दोन लहान वाऱ्यांचेच राज्य असते.

खोऱ्यात या खेळाला आणखी एक भर पडते. निवांत, निरभ्र रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि पाण्याप्रमाणे खाली ओघळते. सह्याद्री, माथेरान आणि मलंगगड यांच्या उतारांवरून ओघळलेली ही थंड हवा उल्हासच्या खोऱ्याने समुद्राकडे सरकू लागते व परातीच्या बुडाशी साचते. तिच्यावर दिवसाची उबदार हवा तरंगत राहते. एरवी उंचीबरोबर तापमान उतरते. अशा रात्री काही उंचीपर्यंत ते चढत जाते. यालाच तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. हलकी हवा वर आणि जड हवा खाली अशी मांडणी झाली म्हणजे खालच्या हवेला वर जाण्याचे कारणच उरत नाही. भांड्यावर झाकण बसावे तशी ती कोंडली जाते. भर दुपारी जमिनीलगतची हवा साधारणतः हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. हिवाळ्याच्या रात्री हेच माप शंभर-दीडशे मीटरांवर येऊ शकते. शहराने तेवढाच धूर सोडला तरी तो मावण्यास जागा दहाव्या हिश्शाची उरते, म्हणजे प्रत्येक श्वासातला धूर दसपट होतो. याला कोणत्याही कारखान्याने काही अधिक करावे लागत नाही.

येथे एका समजुतीचा विचार केला पाहिजे. वारा हा केरसुणीसारखा आहे, तो घाण वाहून नेतो, अशी सर्वसाधारण कल्पना असते. आणि पावसाळी वाऱ्याच्या बाबतीत ती बरोबर आहे. हिवाळ्यातला कोकणचा वारा हा केरसुणी नसून झोपाळा आहे. संध्याकाळी खाडीकडून आलेला वारा जो धूर बदलापूर-अंबरनाथकडे ढकलतो, तोच पहाटेचा वारा परत घेऊन येतो, आणि वाटेत आणखी काही गोळा करून आणतो. तो समुद्रावर गेला तरी दुपारी फिरून किनाऱ्यावर येऊ शकतो. म्हणून या खोऱ्यात 'वाऱ्याच्या खालची बाजू' अशी कायमची कोणतीच बाजू नाही. धुराडे पूर्वेस ठेवा, त्याचा त्रास पहाटेस होईल. पश्चिमेस ठेवा, संध्याकाळी होईल. कल्याणच्या पश्चिमेकडे खाडीकाठी आधारवाडीची कचराभूमी होती; उन्हाळ्यात तिला आगी लागत आणि तो धूर दुपारच्या वाऱ्याबरोबर शहराच्या अंगावर येई. २०२१ साली ती बंद झाली. डोंबिवलीचे कारखाने स्थानकाच्या पूर्वेस व आग्नेयेस आहेत, आणि त्यांचा वास रात्री येतो. दोन्ही ठिकाणी तक्रार एकच, फक्त घड्याळ निराळे.

रेल्वेच्या विद्युतीकरणाची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी गेली आणि पुढील चार-पाच वर्षांत वीज कल्याण ओलांडून पुण्यापर्यंत पोहोचली. वाफेच्या एंजिनांचा कोळसा गेला, डब्यांच्या खिडक्यांतून डोळ्यांत जाणारी कोंडी गेली, प्रवाशांचे कपडे पांढरे राहू लागले. परंतु ती वीज कोठून तरी यावयास हवी होती. त्यासाठी डोंबिवली-कल्याणच्या मध्ये, ठाकुर्लीजवळच्या चोळे गावी, खाडीच्या पाण्याशेजारी रेल्वेने कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. धूर नाहीसा झाला नाही. तो मार्गभर विखुरलेला होता तो एका धुराड्याशी गोळा झाला, एवढाच फरक. मुंबईच्या प्रवाशाची हवा सुधारली ती ठाकुर्लीच्या खर्चाने. सुमारे सहा दशके चाललेले ते वीजगृह १९८० नंतरच्या दशकात बंद पडले. आसपासची रेल्वेची वसाहत, बावनचाळ, हे नाव मात्र डोंबिवलीकरांच्या तोंडी राहिले.

धुराविरुद्ध कायदा तेव्हाही नव्हता असे नाही. मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ सालीच केला होता. तो गिरण्यांची धुराडी डोळ्यांसमोर ठेवून केलेला, आणि त्याची कसोटीही डोळ्यांचीच : धूर किती काळा. निरीक्षकाने धुराड्याकडे पाहावे आणि धुराचा काळेपणा ठरवावा. पांढऱ्या दिवसा, दुरून दिसणाऱ्या काजळीला आवर घालण्यास ही रीत पुरेशी होती. न दिसणारा वायू आणि रात्री सुटलेला वास तिच्या कक्षेत येत नव्हता. पुढील अर्धशतकात या खोऱ्याच्या वाट्यास नेमक्या याच दोन गोष्टी येणार होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर उल्हास खोऱ्याचे रूप झपाट्याने पालटले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. मोहने आणि शहाड येथे कृत्रिम रेशमाचे, म्हणजे रेयॉनचे, कारखाने निघाले. लाकडाच्या लगद्यापासून हे रेशीम करताना कार्बन डायसल्फाइड लागतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नासक्या अंड्याचा जो वास कल्याणच्या पलीकडे गाडीत बसलेल्या प्रवाशांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा झाला तो याचाच. याच सुमारास मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. जुन्या भाडेकरूंना त्याने अभय दिले खरे, पण नव्या संसाराला भाड्याची खोली मिळणे त्यामुळे अधिकच दुरापास्त झाले, आणि पागडी देण्याची ऐपत नसलेले कारकून, शिक्षक, बँकेतील व सचिवालयातील नोकर लोकलच्या पासाच्या बळावर डोंबिवलीची वाट धरू लागले. एकीकडून चाकरमानी येत होते आणि दुसरीकडून उद्योग. मुंबईची गर्दी हलकी करावी हे दोघांनाही लागू पडणारे धोरण होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९६४ साली सागाव, सोनारपाडा, गोळवली या गावांच्या परिसरात त्याने डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आखली.

जागेची निवड करताना कोणत्या गोष्टी पाहिल्या गेल्या हे नकाशावरूनच दिसते. भातखाचरांची सपाट जमीन. शीळमार्गे मुंबई-पुण्याशी जोडणारा रस्ता. हाकेच्या अंतरावर रेल्वे. सांडपाणी सोडण्यास ओढे आणि खाडी. आणि पाणी, ज्यासाठी पुढे बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण बांधले गेले. हिशेब सर्व बाजूंनी चोख होता. फक्त वाऱ्याचा रकाना त्यात नव्हता. चेंबर्सच्या ग्रंथाला तोवर शहाऐंशी वर्षे होऊन गेली होती. अर्थात त्या काळी जगात कोठेही औद्योगिक वसाहती वाऱ्याचा कौल घेऊन आखल्या जात असत असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय १९६४ साली कारखाने आणि स्थानकालगतची वस्ती यांच्यामध्ये शेते होती, आणि अंतर हा धुरावरचा सर्वांत साधा उतारा होय. तो उतारा कोणी काढून घेतला असेल तर तो घरांनी. कारखान्यांत काम करणारे जवळ राहावयास आले, महामंडळाने स्वतःच निवासी विभाग पाडला, मग बांधकाम व्यावसायिक आले, आणि मधली शेते पुरती बुजली. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. कारखाने घरांजवळ आले नाहीत, घरे कारखान्यांजवळ गेली, असे कारखानदार म्हणतात. ते खोटे नाही. पण ज्यांच्यापुढे दुसरी परवडणारी जमीनच नव्हती त्यांना हे ऐकवण्यात फारसा अर्थ नाही.

आता या गावाच्या दिनक्रमाकडे पाहिले पाहिजे, कारण डोंबिवलीच्या हवेची खरी मेख तेथे आहे. डोंबिवली हे चाकरमान्यांचे गाव. पहाटे पाचपासून फलाटावर गर्दी होऊ लागते. साडेआठ-नऊपर्यंत कर्ते पुरुष आणि नोकरदार स्त्रिया गावाबाहेर पडतात. ती माणसे परततात दिवेलागणीनंतर, कित्येक तर रात्री नऊ-दहाला. म्हणजे खारा वारा वाहतो, जमीन तापते, झाकण उघडते आणि हवा सर्वांत स्वच्छ असते, त्या दुपारच्या वेळी गावचा कमावता नागरिक गावात नसतो. तो घरी असतो ते व्युत्क्रमाच्या तासांत. फलाटावर उभा राहतो तोही नेमका त्याच वेळी, जेव्हा रात्रभर साचलेल्या धुरक्यावर उन्हाचा पहिला कवडसा पडलेला असतो. दुपारची हवा भोगतात ती घरी राहिलेली माणसे. पण त्यांच्याही वाट्यास रात्र चुकत नाही, आणि सकाळच्या शाळेची मुले तर सातच्या आत रस्त्यावर असतात. सकाळी मोकळ्या हवेत फिरावयास जावे हा वडिलधाऱ्यांचा उपदेश हिवाळ्याच्या डोंबिवलीत उलटा ठरतो. फिरावयाचेच तर दुपारी चारला फिरणे बरे.

शासनाच्या मोजमापात ही गोष्ट सहज दिसत नाही. २०१५ पासून देशात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक जाहीर होऊ लागला. अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाचे, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात म्हणून त्यांस विशेष महत्त्व. भारतीय मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत ते दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. दोन्ही ठिकाणी शब्द 'चोवीस तासांची सरासरी' असा आहे. ही सरासरी दुपारची स्वच्छ हवा पहाटेच्या मलिन हवेत मिसळून एक मध्यम आकडा देते. दिवसभर गावात राहणाऱ्यास तो लागू पडतो. सकाळी सातला जाऊन रात्री नऊला येणाऱ्याला तो आकडा कागदावर लागू पडतो, छातीला नाही.

डोंबिवलीचे नाव ज्या घटनांनी गाजले त्या बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. २०१४ च्या जानेवारीत अवकाळी पाऊस पडला आणि रस्त्यांवर हिरवे पाणी साचले. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झालेला दिसला आणि मुख्यमंत्री तो पाहण्यास आले. रंगांच्या कारखान्यांच्या वसाहतीत हे रंग कोठून आले असावेत हे सांगण्यास ज्योतिषी नको. २०१४ च्या पावसाचे एक वैशिष्ट्य मात्र लक्षात घेण्याजोगे आहे : तो जानेवारीचा होता. जून-जुलैच्या धारांत असा रंग काही क्षणांत वाहून जातो. झाकण बसलेल्या ऋतूत, हवेतून आणि छपरांवरून आठवडेच्या आठवडे साचलेले सारे त्या थोड्याशा पावसाला धुवावे लागले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी रासायनिक कारखान्यांत भयंकर स्फोट होऊन अनेक माणसे दगावली आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. हे दोन्ही स्फोट मे महिन्यात आणि दिवसा झाले. वायू हिवाळी रात्री निसटला तर काय होते याचे उदाहरण भोपाळने २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री दिलेले आहे. तेथेही हवा थंड आणि वारा मंद होता, वायू हवेपेक्षा जड होता, आणि तो झोपलेल्या वस्तीवर जमिनीलगत पसरला.

टाळेबंदीच्या दिवसांतला अनुभव अनेकांच्या स्मरणात असेल. २०२० च्या मार्चअखेर लोकल थांबल्या, कारखाने थांबले, आणि मलंगगडाची कड डोंबिवलीच्या गच्च्यांवरून स्वच्छ दिसू लागली. माणूस थांबला म्हणजे हवा सुधारते हे त्यावरून सिद्ध झाले असे म्हटले गेले. ते बरेचसे खरे आहे. परंतु मार्चनंतर या खोऱ्याची हवा दरवर्षीच सुधारू लागते, तेव्हा त्या श्रेयातला काही वाटा चैत्रालाही दिला पाहिजे. याच्या उलट अनुभव २०२२-२३ च्या हिवाळ्यात आला. कारखाने व मोटारी काही एका वर्षात दुप्पट झाल्या नव्हत्या, तरी मुंबई आणि तिच्या उपनगरांतील हवा विलक्षण बिघडली. पॅसिफिक महासागरातील ला निना सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकून राहिल्याने किनाऱ्यावरचे वारे मंदावले, असे हवामानशास्त्रज्ञांनी त्याचे कारण दिले. हजारो मैलांवरचे पाणी थंड झाले आणि डोंबिवलीचा झोपाळा हलेनासा झाला. त्यात घरबांधणीची, नव्या रस्त्यांची आणि मेट्रोच्या कामांची धूळ. पुढच्या वर्षी, २०२३ च्या दिवाळीत, मुंबई उच्च न्यायालयाला फटाक्यांची वेळ रात्री आठ ते दहा अशी बांधून द्यावी लागली. आवाजाच्या दृष्टीने ही वेळ सोयीची असेल. धुराच्या दृष्टीने ती झाकण बसण्याच्या वेळेची आहे.

धोकादायक रासायनिक कारखाने डोंबिवलीतून हलवावेत ही मागणी जुनी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने असे दीडशेहून अधिक कारखाने रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात नेण्याचे जाहीर केले. २०२४ च्या स्फोटानंतर ती चर्चा पुन्हा जोराने सुरू झाली. डोंबिवलीच्या रहिवाशांना याचा आनंद व्हावा हे साहजिकच आहे. पाताळगंगा ही उल्हासची सख्खी शेजारीण. तीही खंडाळ्याच्याच डोंगरातून निघते, माथेरानच्या रांगेच्या दुसऱ्या अंगाने पश्चिमेकडे येते आणि धरमतरच्या खाडीस मिळते. तिच्याही पाठीशी सह्याद्री आहे आणि तोंडाशी समुद्र. दिवसा तेथे खारा वारा येतो, कार्तिकातल्या निरभ्र रात्री डोंगराची गार हवा खोऱ्यात उतरते, आणि खोऱ्यात अजून भातखाचरे आहेत.